निनावी समाधी आणि पाथरवटाचा हात

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गंगापूर तालुक्याच्या दक्षिण अंगानं गोदावरी वाहते. कायगावापाशी प्रवरा येऊन तिला मिळते. समोरच्या काठावर नेवासे तालुक्यातलं टोका, आणि खाली पैठणपर्यंत नाथसागराचा फुगवटा. नदीच्या या पट्ट्यात बांधावर, ओढ्याकाठी, एखाद्या लिंबाखाली घडीव काळ्या दगडाचे चौथरे दिसतात. कुणावर पिंडी, कुणावर पादुका, कुणावर काहीच नाही. नाव नाही, साल नाही. गावात विचारावं तर एक जण सांगतो गोसाव्याची समाधी, दुसरा म्हणतो पीर आहे, तिसरा छातीठोकपणे पेशव्यांच्या वेळचा सरदार काढतो. या तिसऱ्याचं ऐकलं तर मराठवाड्यात सरदारांखेरीज कुणी मरतच नव्हतं असं वाटावं.

‘इथं कोण पुरलंय?’ हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो आणि शोध बहुतेक वेळा तिथंच अडतो. ज्यांना नाव ठाऊक होतं ती माणसं गेली, लिहून ठेवण्याची गरज कुणाला वाटली नाही. दुसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही: हा दगड घडवला कुणी? मेलेला माणूस एकदाच मेला, एकाच जागी आहे. पाथरवटानं मात्र तीस-चाळीस वर्षं टाकी चालवली. त्याच्या हातून देवळाची पायरी झाली, वाड्याचं जोतं झालं, बारवेचे चिरे झाले, चार-दोन समाध्याही झाल्या. त्याच्यामागे मुलानं तीच टाकी उचलली. या सगळ्यांपैकी एका कामाचं जरी साल कळलं, तरी बाकीच्यांना आधार मिळतो. शिवणीवरून शिंपी ओळखावा तसा हा माग आहे.

हा माग पद्धतशीर काढणारी बाई अमेरिकेतली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हॅरिएट मेरिफिल्ड फोर्ब्स यांनी १९२७ साली न्यू इंग्लंडमधल्या जुन्या थडग्यांवर आणि ती घडवणाऱ्या माणसांवर पुस्तक काढलं. आधी त्यांनी दफनभूमी धुंडाळून दगडांचे फोटो काढले. मग त्या कोर्टाच्या दप्तरात शिरल्या. माणूस मेला की त्याच्या मालमत्तेचा हिशेब कोर्टात जाई, आणि त्या हिशेबात कफन, पेटी, दारू यांच्या खर्चाबरोबर ‘थडग्याच्या दगडाबद्दल अमक्याला इतके दिले’ अशी ओळ असे. अशी ओळ सापडली की दगडाला कारागीर मिळे. मग त्याच हाताचे, तशाच नक्षीचे, सही नसलेले दगडही त्याच्या नावावर लावता येत. पुढे १९६० च्या दशकात जेम्स डीट्झ आणि एडविन डेथलेफसन या दोघांनी त्याच भागातल्या दगडांची मोजदाद केली आणि दाखवलं की थडग्यावरची नक्षी ठरावीक क्रमानं बदलते: आधी पंखवाली कवटी, मग पंखवाला देवदूताचा चेहरा, मग कलश आणि विलोचं झाड. एक नक्षी चढते, तेव्हा आधीची उतरते. गावागणिक सालं थोडी मागेपुढे होतात, क्रम तोच राहतो.

या अमेरिकी अभ्यासकांकडे दोन सोयी होत्या. बहुतेक दगडांवर मृत्यूचं साल कोरलेलं होतं, आणि कोर्टाची दप्तरं शाबूत होती. आपल्याकडे दगड मुका आणि त्याच्या खर्चाचा कागद असलाच तर तो भलत्याच्याच घरी.

तरी आपल्याकडच्या कारागिरानं आपलं नाव मागे ठेवलंच नाही, असं मात्र नाही. याच जिल्ह्यात, कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत, १९५० च्या दशकात मलबा उपसताना एक ठेंगणा, हसरा यक्ष मिळाला. त्याच्या हातावर ब्राह्मीत लिहिलंय की हा कण्हदास नावाच्या सोनारानं केला. दगडावर सोनाराचा हात! त्या मूर्तीवर साल नाही. पण कण्हदासानं नाव कोरलं म्हणून अक्षरं मिळाली, आणि अक्षरांच्या वळणावरून इसवी सनापूर्वीचा काळ ठरवता आला. कारागिराच्या सहीनं वस्तूचं वय सांगितल्याचं यापेक्षा जवळचं उदाहरण गंगापूरकराला मिळायचं नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारावर धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचं नाव आहे, शेजारी त्याच्या बापाचंही आहे. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे, ते तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

नावाऐवजी घराणं टिकल्याचंही एक उदाहरण आपल्या दारात आहे. वेरूळच्या कैलासाबद्दल ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथात एक गोष्ट येते. राणीनं देवळाचा कळस पाहिल्याशिवाय अन्न न घेण्याचा नवस केला. इतक्या झटपट देऊळ कोण बांधणार? तेव्हा पैठणचा कोकास नावाचा कारागीर पुढे झाला आणि त्यानं देऊळ कळसापासून खाली कोरायला घेतलं. गोष्ट म्हणून आपण ती ऐकून सोडून दिली असती. पण मध्य भारतातल्या अकराव्या ते तेराव्या शतकांतल्या काही शिलालेखांत कारागीर स्वतःला कोकासाच्या वंशातले म्हणवतात, याकडे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी लक्ष वेधलं. म्हणजे हे निव्वळ कथेतलं पात्र नव्हे. त्या नावाची प्रतिष्ठा इतकी होती की पुढचे शिल्पी ते कुळासारखं लावत. कैलासाचं साल यातून निघत नाही. पण दगडाचं काम करणाऱ्यांची वंशावळ दगडाइतकी टिकू शकते, एवढं नक्की कळतं.

छत्रपती संभाजीनगरातलं, म्हणजे जुन्या औरंगाबादेतलं, उदाहरण याहून नेमकं आहे. बीबी का मकबऱ्याच्या दरवाज्यावर दोन नावं आहेत, वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. हा अताउल्ला म्हणजे उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. आणि उस्ताद अहमद म्हणजे ताजमहालाचे वास्तुकार. आता गंमत पाहा. ताजमहालावर अक्षरं कोरणाऱ्या अमानत खानाची सही आहे, बांधणाऱ्याची नाही. उस्ताद अहमदचं नाव ताजशी पक्कं जोडलं गेलं ते विसाव्या शतकात, त्यांचा दुसरा मुलगा लुत्फुल्ला याच्या फारसी कवितांच्या हस्तलिखितामुळे. त्यात मुलानं बापाची कामं सांगितली आहेत. हा लुत्फुल्ला आणखी एके ठिकाणी भेटतो. मांडूला होशंगशाहच्या कबरीवर १६५९ सालचा एक लेख आहे, त्यात लुत्फुल्ला, जादूराय, शिवराम आणि हमीद हे कारागीर ती इमारत पाहायला आणि ती बांधणाऱ्यांना मान द्यायला आल्याची नोंद आहे. एका घराण्याचा माग काढायला आग्रा, मांडू आणि औरंगाबाद अशी तीन शहरं आणि एक कवितांची वही लागली. इमारतीचं उत्तर इमारतीवर नव्हतं, कारागिराच्या मुलाच्या वहीत होतं. गंगापूरच्या बांधावरच्या चौथऱ्याचंही उत्तर चौथऱ्यावर नसेल, हे इथूनच समजून घ्यावं.

बादशहाच्या दरबारातला वास्तुकार आणि तालुक्यातला पाथरवट यांची बरोबरी नाही, हे खरं. पहिल्याला पगारपत्रक होतं, दुसऱ्याला बहुधा धान्य. म्हणून दुसऱ्याच्या बाबतीत आधी दगडच वाचावा लागतो.

वाचायला सुरुवात करण्यापूर्वी एक सवय सोडावी. काळा घडीव दगड दिसला की ‘हेमाडपंती’ म्हणायची सवय. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा प्रधान, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. चुन्याविना रचलेली जी देवळं त्याच्या नावावर खपतात, त्यांतली कितीतरी त्याच्या जन्माआधीची आहेत. आणि अठराव्या शतकातला चुना भरलेला चौथराही गावात हेमाडपंतीच असतो. एका शब्दानं सहाशे वर्षं सपाट होतात. शिवाय जुन्या देवळाचे पडलेले चिरे नव्या समाधीत बसवण्याची चाल सर्रास होती. एकाच चौथऱ्यात तीन काळांचे दगड असू शकतात, आणि त्यांतला सगळ्यांत अलीकडचा दगडच समाधीबद्दल बोलत असतो.

टाकीच्या खुणा पाहायच्या त्या दर्शनी, घोटलेल्या बाजूला नव्हे. पाथरवट दर्शनी बाजू साफ करतो आणि मागची, सांध्यातली, जमिनीखालची बाजू तशीच सोडतो. तिथं त्याचा हात उघडा पडतो. टाकी टोकदार होती की पसरट धारेची, घाव एका रेषेत आहेत की विखुरलेले, घावांचा कल डावीकडे की उजवीकडे, कडेला बोटभर पट्टी आधी सरळ करून मग मधलं पोट उतरवलं आहे का, हे सगळं पाहायचं. कंगोऱ्याचा घाट पट्टी लावून मोजायचा. एकाच घरातले पाथरवट तोच फर्मा वापरतात, त्यामुळे कंगोऱ्याची मापं एका समाधीवरून दुसऱ्या देवळावर तंतोतंत जुळू शकतात.

खाणीतून दगड सुटा कसा केला, तेही कळतं. ओळीनं भोकं पाडायची, पाचरी ठोकायच्या, दगड उभा चिरतो. त्या भोकांचे अर्धे गाळे कडेला राहून जातात. न्यू इंग्लंडमध्ये १८३० च्या सुमारास चपट्या खाचा गेल्या आणि गोल भोकं आली, त्यामुळे तिथं पायाचा दगड पाहूनच घराचा काळ बांधता येतो. आपल्याकडे सगळीकडे लागू पडेल असं एक साल नाही. पण सुरुंगाच्या नळीची लांब, गुळगुळीत अर्धगोल खूण समाधीच्या दगडावर असेल, तर तो दगड जुन्या पाचरीच्या कामातला नव्हे, एवढं म्हणता येतं.

दगडापेक्षा त्याचा शेजार अधिक बोलका असतो. मनमाड–औरंगाबाद–हैदराबाद रेल्वे, म्हणजे तेव्हाची हैदराबाद–गोदावरी व्हॅली लाइन, १९०० च्या सुमारास सुरू झाली. तालुक्यातलं लासूर स्टेशन याच मार्गावरचं. त्याआधी कलबुर्गीकडची शहाबादी फरशी इथवर बैलगाडीनं आणणं परवडण्यासारखं नव्हतं. समाधीच्या मूळ बांधणीत, जोत्याच्या आत, शहाबादी असेल तर ती समाधी विसाव्या शतकातली धरायला हरकत नाही. सिमेंटचंही तसंच. पोरबंदरचा कारखाना १९१४ चा. खेड्यापर्यंत सिमेंट पोचायला त्यापुढे आणखी बरीच वर्षं गेली. मात्र सिमेंट मूळचं की डागडुजीचं, हे सांध्यात खोलवर पाहिल्याशिवाय ठरवू नये. वरून सिमेंट, आत चुना असा प्रकार नेहमीचा.

कबर असेल तर घाट आणखी काही सांगतो. मुघल वळणाच्या कबरींत पुरुषाच्या कबरीवर कलमदानासारखा उंचवटा असतो आणि बाईच्या कबरीवर सपाट तख्ती. हे दफन झालेल्याबद्दल सांगतं, पण कोणत्या काळापासून कोणत्या काळापर्यंत इथले कारागीर तसं घडवत होते, हेही त्यातून जुळवता येतं. शेजारच्या खुलताबादेत अशा कबरींची रांगच आहे आणि त्यांतल्या काहींची सालं पक्की ठाऊक आहेत. तिथली एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. कवी आझाद बिलग्रामी १७८६ मध्ये गेले, खुलताबादेतच दफन आहेत. त्यांच्या मृत्यूचं साल लोकांनी आकड्यात नव्हे, एका उद्गारात बांधलं: ‘आह’, आणि पुढे त्यांचं नाव गुलाम अली आझाद. अरबी-फारसी अक्षरांना अबजद पद्धतीत आकडे दिलेले असतात. आह म्हणजे ६, गुलाम म्हणजे १०७१, अली ११०, आझाद १३. बेरीज १२००. हिजरी १२००, म्हणजेच १७८५–८६. आकडा कुठं दिसत नाही म्हणून साल नाही, असं म्हणायच्या आधी एखाद्या फारसी जाणकाराला दगड दाखवून घ्यावा तो यासाठी.

‘प्रयोगशाळेत का देत नाही?’ असं कुणीतरी विचारतंच. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो, त्यामुळे चुन्याचा किंवा त्यात सापडलेल्या कोळशाचा, काडीकचऱ्याचा कार्बन-१४ काढता येतो. पण नेमक्या १६५० ते १९५० या तीनशे वर्षांत त्या मोजणीचा आलेख असा वरखाली होतो की एका नमुन्याला दोन-तीन वेगवेगळ्या काळांची उत्तरं येतात. गंगापुरातल्या बहुतेक निनावी समाध्या याच तीन शतकांत बसण्याजोग्या. दगडफुलाचा विस्तार मोजून वय काढायची रीत ऑस्ट्रियाच्या रोलांड बेशेल यांनी १९५० मध्ये मांडली, तीही साल कोरलेल्या थडग्यांवरून. पण मराठवाड्यात दगडाला वर्षातून एकदा चुना फासतात, अमावास्येला तेल घालतात, शेंदूर चढवतात. दगडफुलाला वाढायला जागा कुठली?

म्हणून मग कागद. इथं सर्वांत आधी ‘पाथरवट’ या एका शब्दाखाली किती वेगळे लोक येतात ते पाहावं, कारण प्रत्येकाचा कागद वेगळ्या ठिकाणी आहे. दगड घडवणारा तो पाथरवट. बांधकामाची रचणी गवंड्याची. बेलदार दगड-मातीच्या कामाला. वडार खाणीतून दगड काढतात, पहार, घण आणि सुतकी घेऊन; त्यांच्यातही गाडीवडार, मातीवडार असे भेद आहेत. टकारी घरोघर जाऊन जात्यांना टाके लावत, पिठाच्या गिरण्या आल्या आणि तो धंदा बसला. वडारांच्या घरात आजही तेलुगू वळणाची बोली आहे, म्हणजे त्यांचा माग गंगापुरात सुरू होत नाही, आग्नेयेकडे जातो. उलट अठराव्या शतकात गोदाकाठच्या देवळांवर राबलेल्या पाथरवटाचा माग बहुधा त्या देवळाला पैसे देणाऱ्याच्या दप्तरात निघेल.

कायगाव-टोक्याला तो धागा हाताशी आहे. टोक्याचं सिद्धेश्वर हे पेशवाईतलं देऊळ, काळ्या दगडात बारीक कोरलेलं. काळ माहीत असल्यानं ते तुलनेचं माप म्हणून वापरता येतं. कायगावचं दीक्षित घराणं पेशव्यांच्या सावकारांत आणि गुरुस्थानी. त्यातले नारायण दीक्षित पाटणकर काशीला जाऊन राहिले, आणि काशीहून कायगावला आलेली त्या घराण्याची पत्रं इतिहासाच्या अभ्यासकांनी छापली आहेत. सावकाराचं घर म्हटलं की हिशेब आले, आणि घाट-देवळाचं काम म्हटलं की चुन्याला किती, दगडाला किती, पाथरवटाला रोज किती, हे आलं. पाथरवटाचा इतिहास शोधायचा तर पाथरवटाच्या घरी कागद नसतो, तो त्याला मजुरी देणाऱ्याच्या घरी असतो. फोर्ब्सबाईंच्या कोर्टाच्या हिशेबांची जागा आपल्याकडे सावकाराचं दप्तर घेतं.

असा कागद हाती आला की मोडी वाचता येणं हे निम्मंच काम. त्यावरचं साल कोणतं, हे उरलेलं निम्मं. शके असेल तर ७८ मिळवायचे. फसली असेल तर ५९०. अरबी अंकांच्या नावांनी लिहिलेलं शुहूर सन असेल तर ५९९. वर्ष कोणत्या महिन्यात बदलतं त्यावर यांत एकाचा फरक पडतो. हिजरी असेल तर सरळ मिळवणी चालतच नाही, कारण ते वर्ष चंद्राचं, ३५४ दिवसांचं. त्याला तक्ता लागतो. फसली आणि शके यांची गल्लत केली तर समाधी एका फटक्यात पाचशे वर्षांनी हलते. हसू नये, अशा गल्लती छापून आलेल्या आहेत.

एकोणिसाव्या शतकापासूनचं काम असेल तर वाट निजामाच्या कारभारातून जाते. गंगापूर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. जमिनीचं सेतवार, इनामांच्या चौकशीचे मुंतखब, आणि नंतरची १९५४ ची खासरा पाहणी यांत शेताचं नाव, इनामदार, कब्जेदार सापडतात. दर्ग्याला, मठाला, समाधीला दिवाबत्तीसाठी दिलेली इनाम जमीन असेल तर तिथं नोंद मिळते, आणि इनाम कधीपासून चालू आहे हे तपासणाऱ्याला सांगावं लागलं असल्यानं त्यात जुनी सनदही उतरवलेली असते. मुघल काळापासूनची दख्खनची दप्तरं हैदराबादेत तारनाक्याच्या अभिलेखागारात आहेत. फारसी आणि उर्दू येणारा सोबती तिथं लागतोच.

पाथरवटाच्या घराण्यासाठी आणखी एक वाट नाशिकला जाते. रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय आपल्या वह्यांत यजमानांची नावं गावागणिक, जातीगणिक पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आले. अस्थी घेऊन आलेला माणूस आपलं, बापाचं, आज्याचं, भावांचं नाव सांगतो आणि तिथंच अंगठा किंवा सही करतो. गंगापूरकडची माणसं कायगावला आणि पैठणलाही जातात, तिथंही उपाध्यायांच्या वह्या. ज्याच्या घरात जमिनीचा तुकडा नाही, त्याचं नाव महसुली कागदात येत नाही. तीर्थाच्या वहीत येतं.

आणि एक वाट अशी, जी इतिहासकारांना सहसा सुचत नाही. महाराष्ट्रात वडार विमुक्त जातींच्या यादीत आहेत. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. त्यापायी या घरांनी गेल्या काही दशकांत किती हेलपाटे घातले असतील! आज्याचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या जन्ममृत्यू रजिस्टरचा उतारा, जुन्या मजुरीच्या नोंदी, दुसऱ्या तालुक्यातल्या चुलत्याचा कागद, सगळं एका फायलीत जमवलेलं असतं. जमवणाऱ्याच्या डोक्यात इतिहास नव्हता, पोराची ॲडमिशन होती. पण एखाद्या भागात दगडकाम करणारं घर कधी आलं, कुठून आलं, कोणत्या गावांत फिरलं, याचा त्याहून चांगला संच कुठल्या अभिलेखागारात मिळणार नाही. तो मागायचा तर आदरानं, आणि परत द्यायच्या बोलीवर. ज्या समाजाला उठता-बसता कागद मागितले गेले, त्याच्या दारात आणखी एक कागद मागणारा म्हणून जाणं सोपं नाही.

एवढं जुळवून हाती काय येतं? एक साल येत नाही. येते ती दोन टोकं असलेली मुदत. अमुकाच्या आधीचं नाही, कारण कंगोऱ्याचा घाट टोक्याच्या देवळाशी जुळतो. अमुकाच्या नंतरचं नाही, कारण त्या पाथरवटाच्या घराचं नाव पुढच्या दप्तरातून नाहीसं होतं, किंवा इनामाच्या नोंदीत समाधी ‘जुनी’ म्हणून आलेली आहे. पंचवीस-तीस वर्षांच्या मुदतीत समाधी बसली तर काम उत्तम झालं म्हणावं. जो अभ्यासक याहून नेमकं साल ठोकून देतो, त्याला कागद दाखवायला सांगावं.

आणि ही मुदत दगडाची आहे, मृत्यूची नव्हे. औरंगजेब १७०७ मध्ये गेला. खुलताबादेत त्याच्या कबरीभोवती दिसणारी संगमरवरी जाळी मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, निजामाच्या अमदानीतली. त्या जाळीच्या कारागिरावरून कबरीचं वय काढायला कुणी बसला असता तर दोनशे वर्षांनी चुकला असता. उलटही घडतं. विजापूरचा गोल घुमट मुहम्मद आदिलशाहनं हयातीतच बांधायला घेतला. म्हणजे दगड मृत्यूच्या आधीचा. गावातल्या समाधीचंही असंच. आज्याला माती दिली दुष्काळात, दगड बसवला नातवानं, सुगीची चार वर्षं चांगली गेल्यावर. न्यू इंग्लंडातल्या दगडांनाही हे लागू आहे. मृत्यूच्या साताठ वर्षांनी बसवलेला दगड त्यावरच्या सालापेक्षा वयानं लहानच असतो.

हे सगळं करायला दगड जागेवर हवा. मराठवाड्यात समाध्यांवर दोन संकटं आहेत. पहिलं गुप्तधनवाल्यांचं. अमावास्येच्या रात्री येऊन चौथऱ्याचा एक कोपरा उकरून जातात, मिळत काहीच नाही, पण जमिनीखालचा न घोटलेला दगड, जिथं टाकीचे खरे घाव असतात, तोच उपसून बाहेर फेकलेला असतो. दुसरं संकट भक्तीचं, आणि ते मला जास्त मोठं वाटतं. जीर्णोद्धार. जुने चिरे बाजूला लोटतात किंवा पायात गाडतात, वर चकचकीत ग्रॅनाइट आणि टाइल येते. याला नको म्हणणारे आपण कोण? समाधी लोकांची आहे. पण मिस्त्री येण्याच्या आधीच्या सकाळी एखाद्यानं मोबाइल घेऊन जावं, ऊन तिरपं असताना चारी बाजूंचे फोटो काढावेत, प्रत्येक फोटोत पट्टी ठेवावी, दगडाला खडू, पीठ, ॲसिड काही लावू नये, आणि निघालेले चिरे कुठं टाकले ते लिहून ठेवावं. कोरीव किंवा लेख असलेला दगड निघाला तर राज्य पुरातत्त्व खात्याच्या कानावर घालावं.

नव्या समाधीवर ग्रॅनाइटची पाटी लागते. तिच्यावर नाव, जन्म, मृत्यू, ‘शोकाकुल समस्त परिवार’, आणि अगदी खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत पाटी कोरणाऱ्या दुकानाचं नाव, गाव आणि दहा आकडी मोबाइल नंबर.